पंचवीस पानांचं लग्न

तासगावात कोंडीबा आचाऱ्याचं घर विचारलं तर लहान पोरही नेऊन सोडतं. चोपन्न वर्षांचा ठेंगणा गडी, दोन्ही हातांवर उकळत्या तेलाचे पांढरे डाग, आणि आवाज असा की मांडवाच्या मागून त्यानं "आमटी सोडा रं!" म्हटलं की पार पुढच्या पंगतीतला वाढपी बादली उचलायचा. तीस वर्षं त्यानं लग्नांचाच स्वयंपाक केला. हजार पान, दीड हजार पान. पाचशेच्या खालचं काम घेऊन कुणी आलं तर तो चहा पाजून परत लावायचा. "एवढ्याला आचारी कशाला? घरच्या बायकाच उरकत्याल की."

लग्नसराईत तो घरी सापडायचा नाही. चंद्राबाईचा संसार त्याच्याशी झाला होता, पण त्याच्या हातचा ताजा घास तिला एकतीस वर्षांत मिळाला नव्हता. तिच्या वाट्याला यायची ती दुसऱ्या दिवशीची बुंदी आणि गारढोण मसालेभात. लोक म्हणायचे, "चंद्राबाई, तुमची चैन हाय. घरात आचारी!" ती नुसती हसायची. चांभाराची बायको अनवाणी असते, तसं तिचं होतं.

मग टाळेबंदी आली. मार्च महिना, सराई तोंडावर, आणि एका आठवड्यात सगळी लग्नं मोडली. म्हणजे मोडली नाहीत, पुढं गेली, पण कोंडीबाच्या दृष्टीनं ते एकच. पहिले आठ दिवस तो नुसता झोपला. नवव्या दिवशी उठला, अंघोळ केली आणि थेट स्वयंपाकघरात शिरला.

"काय पायजे?" चंद्राबाईनं विचारलं.

"काय न्हाई. तू धुणं धुवून ये. आज आमटी माझ्याकडं."

धुणं वाळत घालून ती आली तेव्हा परसात तीन दगडांची चूल पेटलेली होती आणि तिच्यावर पाणी तापवायचं मोठं पातेलं काठोकाठ भरून रटरटत होतं.

"घरात किती माणसं हायत?"

"तीन. तू, मी आन क्रांती."

"आन ही आमटी किती माणसांची?"

कोंडीबा खाली बघून म्हणाला, "साठ. त्याच्या खाली माझा हात जातच न्हाई गं. मसाल्याचा अंदाजच येत न्हाई."

त्यांची पोरगी क्रांती औषधाच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी तिनं आमटी बघितली, कपाळाला हात लावला आणि मग गल्लीत फोन केले. प्रत्येकानं आपापल्या उंबऱ्यावर भांडं ठेवून दार लावून घेतलं. कोंडीबानं तोंडाला उपरणं बांधलं आणि लांब दांड्याच्या वगराळ्यानं घरोघर आमटी वाढली. समोरच्या तानुबाईनं खिडकीतून विचारलं, "कोंडीबा, उद्या काय हाय?"

दुसऱ्या दिवशी मटकी होती, तिसऱ्या दिवशी वांगी-बटाटा. गल्लीतल्या चार घरांनी चूल पेटवायचीच सोडून दिली. पंधराव्या दिवशी चंद्राबाईनं डाळीच्या डब्यात हात घातला तर नखाला तळ लागला. तिनं त्याच दिवशी कायदा केला. आचाऱ्यानं उंबऱ्याच्या आत यायचं ते फक्त रविवारी.

कोंडीबानं कायदा पाळला, पण पायापुरताच. तो उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसायचा आणि तिथून बोलायचा. "कांदा अजून परत." "मोहरी तडतडली न्हाई नीट." "आत्ता टाक हळद. आत्ता! गेली बघ येळ."

"आवं," चंद्राबाई शेवटी उलथनं घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली, "तीस वर्षं ह्या घरात कांदा परतला कुणी? तुमी हुता?"

कोंडीबा उठून परसात गेला आणि रिकामी काहील घासत बसला. ही काहील दोनदा घासून झालेली आहे, हे क्रांतीनं त्याला सांगितलं नाही.

असं ते वर्ष गेलं. पुढच्या सराईला थोडी उघडीप मिळाली आणि त्या उघडिपीतच क्रांतीचं लग्न ठरलं. मुलगा लोणंदचा, शंभूराज नावाचा. फौजेत, नेमणूक जम्मूला. तारीख मे महिन्याची काढली. कोंडीबानं त्याच दिवशी वही घेतली आणि यादी लिहायला बसला. मापं पंधराशे पानांची. दोन भाज्या, मटकी, मसालेभात, जिलेबी, बुंदी, शेवटाला ताक. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या आचाऱ्यांना बोलवायचं त्यानं ठरवलं होतं. "लोकांच्या पोरींची लग्नं केली," तो म्हणायचा, "आता माझ्या पोरीच्या लग्नाला सगळ्या आचाऱ्यांनी हात धुवून पंगतीला बसायचं आन मी वाढायचं."

एप्रिल उजाडला आणि दुसरी लाट आली. पहिलीला लोक हसले तरी होते, हिला कुणी हसलं नाही. गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका दिसली की बायका दारं ओढून घ्यायच्या. आणि सरकारी हुकूम निघाला. लग्नाला पंचवीस माणसं, वेळ दोन तास.

"पुढं ढकलू," कोंडीबा म्हणाला.

"आण्णा, त्यांची सुट्टी एक महिन्याची. त्यात पंधरा दिवस कोंडून घ्यायचं. मग वर्षभर सुट्टी न्हाई. आन वर्षानं तरी काय आसंल कुणाला ठावं?" क्रांतीनं शांतपणे सांगितलं. "पंचवीस तर पंचवीस."

कोंडीबानं वही मिटली. त्या दिवशी तो जेवला नाही. चंद्राबाईला वाटलं, रुसलाय. संध्याकाळी कपाळाला हात लावला तर चटका बसला.

तपासणी झाली. कोंडीबाला कोरोना निघाला, मायलेकी दोघी सुटल्या. घर दोन खोल्यांचं. वेगळं ठेवायचं कुठं? गावाबाहेर जोतिबा नावाच्या मित्राची द्राक्षबाग होती आणि बागेशेजारी बेदाणा सुकवायचं शेड. माल नुकताच निघाला होता, शेड रिकामं होतं. जोतिबा म्हणाला, "वारं मोकळं हाय. खाट टाकतो." मग एकावर एक जाळ्या बांधलेल्या त्या उंच शेडमध्ये कोंडीबा एका खाटेवर पडून राहिला. डॉक्टर फोनवर औषधं सांगायचे. क्रांतीनं बोटाला लावायचं यंत्र दिलं होतं, दिवसातून चारदा फोन करून आकडा विचारायची.

"किती हाय?"

"शहाण्णव."

"बोट नीट लावलं का?"

"आगं, माझंच बोट हाय. दुसऱ्याचं कुठनं आणू?"

चंद्राबाई रोज दुपारी डबा घेऊन जायची. बांधावर डबा ठेवायचा, वीस पावलं मागं सरून आंब्याखाली उभं राहायचं, त्यानं येऊन उचलायचा. तो खाटेवर बसून जेवायचा, ती तिथून बघायची. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी त्यानं पहिला घास घेतला आणि ओरडला, "आमटीत मीठ घालायचं इसरलीस!"

चंद्राबाईला लागलं. आजारी माणूस म्हणून ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं मीठ जरा जास्तच घातलं.

"आजबी न्हाई मीठ!"

सहाव्या दिवशी तिचा पारा चढला. चंद्राबाई मऊ स्वभावाची खरी, पण तीस वर्षांचं साठलेलं होतं. तिनं मूठभर मीठ घातलं, वर लवंगी मिरचीचा खर्डा कालवला आणि डबा बांधावर आदळून आंब्याखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. खा म्हणावं आता.

कोंडीबा शांतपणे जेवला. भाकरी कुस्करून, वाटी पुसून. डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं, नाक वाहत होतं, आणि तो म्हणाला, "भाजी कसली म्हणायची ही? दुधी का काय? लयच मिळमिळीत."

चंद्राबाईचे हात कमरेवरून खाली आले. "आवं," ती तिथनंच म्हणाली, "ते कोपऱ्यातलं फिनेल घ्या. वास घ्या बरं."

त्यानं बाटली उघडून नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग झाकण लावलं आणि खाली ठेवली. वीस पावलांवरून दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

"येतंय परत," ती म्हणाली. "क्रांती म्हणत हुती, सगळ्यांचं येतंय."

"कवा?"



ताप उतरला, आकडा कधी चौऱ्याण्णवच्या खाली गेला नाही, पंधरा दिवसांनी कोंडीबा पायानं चालत घरी आला. गल्लीनं खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. त्या पंधरवड्यात ओळखीची तीन माणसं गेली होती, त्यामुळं चंद्राबाईनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा एकदा सोडून तीनदा ओवाळून टाकला. तो जगला, वाचला, एवढ्यावर ती खूष होती. पण कोंडीबा आतून हादरला होता. गवंड्याचे डोळे जावेत तसं त्याचं झालं होतं. तो कुणाला न सांगता डब्यातले मसाले एकेक करून हुंगायचा. दालचिनी, काहीच नाही. हिंग, काहीच नाही. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीत तोंड घातल्यावर नुसत्या शिंका आल्या.

लग्न आठ दिवसांवर आलं. परवानगीसाठी तो कचेरीत गेला. कारकुनानं अर्ज बघितला.

"मुलाकडचे बारा, तुमच्याकडचे बारा, भटजी एक. झाले पंचवीस. आचारी कुठाय यात?"

"आचारी मीच."

"मग मुलीचा बाप?"

"त्योबी मीच. दोघांचं मिळून एकच मानूस धरा, सायेब."

कारकून मास्कच्या आत हसला आणि त्यानं शिक्का मारला.

आता राहिला स्वयंपाक. लग्नाच्या पहाटे परसात भट्टी पेटली आणि कोंडीबा काहिलीपुढं उभा राहिला. पंचवीस पानं. त्यानं डाळीत हात घातला, थांबला. मिठाच्या डब्यात हात घातला, पुन्हा थांबला. मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाला, "चंद्रा, मला जमत न्हाई बघ हे. माप बी न्हाई आन जीभ बी न्हाई."

नावानं हाक मारल्याचं तिच्या लक्षात आलं, पण त्या वेळी लाजायला सवड नव्हती. तिनं पदर खोचला. "पंचवीस म्हंजे काय? माझ्या रोजच्या सैपाकाच्या आठपट. एवढं काय त्यात? तुमी ढवळा, मी सांगते."

मग तो ढवळायचा आणि ती तळहातावर थेंब घेऊन चाटायची. "चिमूटभर मीठ." तो घालायचा. "अजून न्हाई. गूळ टाका जरा." तो गूळ टाकायचा. मध्येच त्याच्यातला जुना आचारी उसळायचा, "आगं, गूळ आत्ता न्हाई, उतरताना," आणि चंद्राबाई डोळे वटारायची. तो गूळ आत्ता टाकायचा.

बुंदी पडली, भात वाफेवर आला, नऊ वाजले. मुहूर्त बारा दहाचा. वऱ्हाड दहाला पोचायचं होतं. दहा वाजले, सव्वादहा झाले. भटजी घड्याळ बघायला लागले. साडेदहाला क्रांतीचा फोन वाजला. ती शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसली होती. पलीकडून शंभूराज बोलत होता, आवाज रडवेला.

"आमाला नाक्यावर अडवलंय."

भानगड अशी झाली होती. सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात यायचं तर पास लागत होता. लग्नासाठी मागितला तर दोनदा नाकारला. मग शंभूराजच्या मामानं डोकं चालवलं आणि अर्जात कारण लिहिलं, 'वैद्यकीय'. पास झटक्यात मिळाला. नाक्यावरच्या हवालदारानं गाडीत डोकावलं तर आत फेटे बांधलेली माणसं.

"पेशंट कोण?" हवालदारानं विचारलं.

मामानं क्षणभर विचार केला आणि नवरदेवाकडं बोट दाखवलं.

"याला काय झालंय?"

"आज सकाळपास्नं घाबरं झालंय, सायेब."

हवालदारानं दोन्ही गाड्या बाजूला घ्यायला लावल्या.

क्रांतीनं हे सगळं ऐकून घेतलं. कोंडीबा हातात झारा घेऊन दारात उभा होता, तो तसाच फोनकडं धावला. तिनं हातानंच त्याला थांबवलं आणि फोनमध्ये म्हणाली, "हवालदारांना द्या फोन."

"नमस्कार साहेब. मी नवरी बोलतीय. पास चुकीचा हाय, ते मान्य हाय. पण लग्नाची परवानगी खरी हाय, शिक्क्याची. आत्ता फोटो पाठवते, त्यात बाराही जणांची नावं हायत. मोजून घ्या. त्यातले तुमी ज्यांना ज्यांना सोडाल त्यांना सोडा. मामाला ठेवून घेतलं तरी चालंल. पण नवरदेव सोडा, त्याची परवा सुट्टी संपती."

पलीकडं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हवालदार हसत होता. त्यानं फोटो बघितला, नावं मोजली, मामाला पाच मिनिटं उन्हात उभं करून चांगलं फैलावर घेतलं आणि गाड्या सोडल्या.

बाराला दहा मिनिटं कमी असताना गाड्या गल्लीत शिरल्या. चंद्राबाईनं भिंतीला टेकून डोळे मिटले आणि एवढा मोठा सुस्कारा टाकला की भटजींनी वळून बघितलं.

अंगणात पंचवीस माणसं अंतर सोडून उभी राहिली. गल्ली मात्र मोजणीत धरलेली नव्हती. ज्यानं त्यानं आपापल्या दारात, खिडकीत, गच्चीवर अक्षता घेऊन जागा धरली होती. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली.

कोंडीबानं मंगलाष्टकं हजारो वेळा ऐकली होती. मांडवाच्या मागून, धुरात, पातेल्यांच्या खणखणाटात. त्याच्या लेखी त्यांचा उपयोग एकच. शेवटचं 'सावधान' कानावर आलं की भाताची झाकणं काढायची, कारण पाच मिनिटांत पंगत बसणार. आताही शेवटचं 'सावधान' झालं आणि त्याचे पाय आपोआप परसाकडं वळले.

चंद्राबाईनं त्याचा सदरा मागून घट्ट धरला. "कुठं?"

"झाकणं..."

"बघा तिकडं."

त्यानं बघितलं. अंतरपाट खाली आला. पलीकडं क्रांती उभी होती. हार घालताना शंभूराजच्या मास्कचा दोरा मुंडावळीत अडकला आणि ती तोंडावर हात धरून हसली. चारी बाजूंनी गच्च्यांवरून अक्षता पडल्या, वाजंत्री नव्हती म्हणून तानुबाईनं ताटलीवर पळी बडवली. तीस वर्षांत कोंडीबानं एकदाही अंतरपाट पडताना बघितला नव्हता. पंधराशे पानांचं लग्न असतं तर आजही बघितला नसता. तो परसात घाम पुसत असता आणि पोरगी त्याच्या पाठीमागं परकी झाली असती. हे त्याला आत्ता, सदरा बायकोच्या मुठीत असताना समजलं. वहीतल्या यादीचं ओझं त्याच्या छातीवरून उतरलं ते तिथंच.

जेवणाची पंगत एकच झाली. मामानं चार वेळा बुंदी घेतली. शंभूराजची आई चंद्राबाईला म्हणाली, "विहीणबाई, आमटी लय झ्याक झालीया. आचाऱ्याचा हात तो आचाऱ्याचाच."

चंद्राबाई काही बोलणार तोवर कोंडीबानंच सांगितलं, "आज हात माझा हुता. जीभ हिची."

दीड वाजता गाड्या लोणंदला निघाल्या.

घर रिकामं झालं. कोंडीबाची चव काही येईना. मे संपला, जूनचा पहिला आठवडा गेला. चंद्राबाई रोज सकाळी त्याच्या पुढ्यात लिंबाची फोड धरायची आणि तो मान हलवायचा. तिनं विचारणं बंद केलं. त्यानंही मसाले हुंगणं सोडलं.

आणि एका सकाळी तो ओट्यावर दाढी करत बसला होता. अर्धा गाल साबणानं भरलेला. अचानक त्याचा वस्तरा हवेत थांबला. नाकपुड्या हलल्या. जळकट, उग्र, घसा खरवडणारी दुर्गंधी आली. समोर तानुबाई तव्यावर तंबाखूची मिश्री भाजत होती. धुराचा लोट गल्लीभर पसरला होता, शेजारची दारं धाडधाड लागत होती, माणसं खोकत होती.

कोंडीबा तसाच अर्ध्या साबणानं रस्त्यात उतरला, तानुबाईच्या दारात गेला आणि तव्यावर तोंड धरून छाती भरून श्वास घेतला. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पुन्हा घेतला.

"घाण येती!" तो ओरडला. "चंद्रा, लय घाण येती गं!"

तानुबाईला राग आला. "मग नाक धरून घरात बस की! तुला कुणी बोलवलंय?"

"न्हाई, न्हाई, भाजा! अजून एक तवा भाजा!"

चंद्राबाई पदर नाकाला लावून धावत बाहेर आली. नवरा रस्त्यात उभा, गालाला फेस, डोळ्यांतून धारा, आणि हसतोय. तिला समजायला वेळ लागला नाही. ती मटकन पायरीवर बसली आणि हसता हसता रडली.

त्यानं लोणंदला फोन लावला. क्रांतीला आधी वाटलं काहीतरी वाईट झालं. मग तिनं स्पीकर लावला आणि सासरच्या सगळ्यांनी मिळून मिश्रीच्या वासाची बातमी ऐकली. शंभूराजच्या आईनं तिथं देवाला साखर ठेवली.

दुपारी कोंडीबा पाटावर बसला. चंद्राबाईनं पिठलं केलं होतं, तव्यावरची भाकरी, बाजूला ठेचलेला कांदा. चव पुरती आली नव्हती, अर्धीमुर्धीच होती, लांबून हाक ऐकू यावी तशी. पण होती. त्यानं पहिला घास बराच वेळ तोंडात धरला. मग डोळे मिटून जेवत राहिला, मिठाला, फोडणीला नाव न ठेवता, आणि तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली.